कढीपत्त्याला घातलेलं पाणी

पुणे-बंगळूर रस्ता चौपदरी व्हायच्या आधीची गोष्ट. उंब्रजला त्या रस्त्याच्या कडेला माझं वेल्डिंगचं दुकान होतं. गेट, ग्रिल, उसाच्या ट्रॉलीची दुरुस्ती, जे येईल ते करायचो. आयटीआयचं सर्टिफिकेट फ्रेम करून भिंतीवर लावलं होतं आणि त्याच्यापेक्षा मोठा तोरा डोक्यात होता. माझ्या हातची वस्तू मोडत नाही, असं मी येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचो. गिऱ्हाईक काही समजावून सांगायला लागलं की त्याला मध्येच तोडायचो. "तुमी फकस्त माप सांगा, बाकी माझ्यावर सोडा." राग माझ्या नाकावरच असायचा, त्यामुळे गिऱ्हाईक गुमान सोडायचं.

अशा या माणसाच्या स्वतःच्या घरात एक जोड काही केल्या टिकत नव्हता. तो होता आमच्या संडासातल्या नळाचा.

हा संडास वडिलांनी बांधलेला. मिलिटरीतून सुटून आले आणि पेन्शनीच्या पहिल्या पैशातून त्यांनी घराआधी संडास बांधला. आळीतला पहिला. लोक हसले, पण आईला पहाटे ओढ्याकडे जावं लागायचं ते थांबलं. वर स्लॅबवर त्यांनी एक लोखंडी बॅरल बसवलं होतं. त्यातून अर्ध्या इंचाचा पाइप भिंतीला लागून खाली यायचा आणि त्याच्या टोकाला नळ. वडील गेल्यावर काही वर्षांनी हा पाइप ढिला व्हायला लागला. दर दोन-तीन महिन्यांनी जोडातून पाणी गळायचं. मी पाना घेऊन जायचो, धागा गुंडाळायचो, पांढरा मसाला लावायचो, आवळायचो आणि ज्या प्लंबरनं तो बसवला त्याच्या सात पिढ्या उद्धारायचो. आई दारातून म्हणायची, "जाऊ दे रं, जुनं झालंय." मी म्हणायचो, "जुनं न्हाई, कामच रद्दी हाय." पाइप का ढिला होतो, हे मात्र मी आठ वर्षांत एकदाही विचारलं नाही. आवळता येतं ना, मग झालं.

त्याच काळात आईचं दुखणं सुरू झालं. लघवीला जळजळ, अंगात कणकण, मग थंडी वाजून ताप. कराडच्या डॉक्टरांनी तपासलं आणि आईला काही न विचारता मला विचारलं, "पाणी किती पितात?" घरी येऊन पाहिलं तर आईचं पाणी म्हणजे सकाळच्या चहाबरोबर दोन घोट आणि जेवताना अर्धं फुलपात्र. दुपारनंतर तर घशाखाली थेंब नाही. दुसऱ्यांदा ताप आला तेव्हा सलाइन लावायला लागलं. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर मूत्रपिंडं जातील, मग माझ्या हातात काही नाही.

मी घाबरलो, आणि घाबरलो की मी ओरडतो. "आये, तुला मराय घाई झालीया का?" ती म्हणायची, "तानच लागत न्हाई, काय करू?" मग मी माझ्या पद्धतीनं उपाय काढला. एक स्टीलची कळशी घेतली आणि तिला आतून तीन खुणा केल्या. सकाळ, दुपार, संध्याकाळ. दुकानातून आल्यावर मी पहिल्यांदा कळशीत डोकावायचो. कळशी रोज रिकामी. मी खूश. दिवसभर काम घेऊन आलेल्या ड्रायव्हरांना सांगायचो की माणूस असो का लोखंड, मापात घेतलं की सरळ येतं. पाच-सहा महिन्यांनी तिसऱ्यांदा ताप आला. आणि मागच्या दारातला कढीपत्ता, जो दोन वर्षं गुडघ्याएवढाच होता, तो माझ्या खांद्याला लागला होता. माझं सगळं सांगणं पालथ्या घड्यावर पाणी, आणि घड्यातलं पाणी कढीपत्त्याला.

बहीण सांगलीला राहायची. ती म्हणाली, पंधरा दिवस आईला माझ्याकडे पाठव. मी एसटीनं नेऊन सोडलं. आठव्या दिवशी बहिणीनं एसटीडी बूथवरून दुकानाशेजारी फोन केला. "दादा, तू म्हणतोस ही पाणी पीत न्हाई, हितं तर माठ पुरंना झालाय." मला खरं वाटेना. आणायला गेलो तर आई बाल्कनीत बसून बशीतनं दुसरा चहा पीत होती. तोंडावर तेज. मी बहिणीला म्हणालो, सांगलीचं पाणी मानवलं म्हणायचं. ती हसली. "अरे, तुझ्या उंब्रजवरनंच येतीया की कृष्णा. पाणी तेच हाय." ते खरं होतं. नदी तीच, पाणी तेच, पिणारी तीच. मग फरक कशात होता? उत्तर बहिणीच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये बाल्कनीशेजारच्या दाराआडच होतं, पण आईला काय टोचतंय ते मला तेव्हाही दिसलं नाही. तिथं खुर्चीसारखं बसायचं भांडं होतं, इतकंच पाहून मी हात धुऊन बाहेर आलो होतो. घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी आईची तहान पुन्हा गेली.

मग माझ्याच गुडघ्यावर ट्रॉलीचा लोखंडी चॅनेल पडला. हाड वाचलं, पण गुडघा भोपळ्यासारखा सुजला. दुसऱ्या दिवशी सकाळी कसाबसा संडासात बसलो. उठायची वेळ आली तेव्हा गुडघा म्हणाला, मी नाही. डोळ्यांपुढे काजवे चमकले आणि माझा उजवा हात आपोआप भिंतीकडे गेला. हाताला पाइप लागला. मी तो धरून, अंगाचा सगळा भार त्याच्यावर टाकून, दात आवळून उठलो. वर जोडातून पाण्याची बारीक धार लागली.

मी पाइप सोडला आणि जिथं धरला होता तिथं पाहिलं. तेवढ्या वीतभर जागेवरचा रंग उडाला होता. लोखंड गुळगुळीत झालं होतं. तिथं माझ्या आधी दुसऱ्या कुणाचा तरी हात हजारदा पडला होता.

आठ वर्षं. मी आठ वर्षं आईचा आधार आवळून देत होतो आणि प्लंबरला शिव्या घालत होतो. ती दारात उभी राहून "जाऊ दे रं" म्हणत होती. जितकं कमी प्यावं तितकं कमी उठावं लागतं, हा तिचा साधा हिशेब होता. मला तिथंच रडू आलं, आणि बाहेर बायको विचारत होती, "आवं, पडला का काय?"

त्या दिवशी बायकोला विचारायला गेलो, पण ताकाला जाऊन भांडं लपवायची माझी सवय. आईची तब्येत, हवा, गुडघेदुखीवरचं तेल, असं सगळीकडून फिरून आलो. ती भाकरी थापता थापता थांबली. "मला ठावं हाय तुमी काय इचारताय ते. आत्तींचा उजवा गुडघा पार गेलाय. मी धरून उठवीन म्हनलं, तर शपथ घातली. पोराला कळलं तर जीव दीन म्हनल्या."

"आन तू गप बसलीस?"

"तुमी कवा इचारलं?"

सांगलीसारखं भांडं बसवू, असं मी आईजवळ आडून सुचवून पाहिलं. तिनं एका वाक्यात मिटवलं. "त्यांनी बांधलेलं फोडायचं न्हाई." मग मी दोन दिवस दुकान बंद ठेवून खुर्ची केली. दीड इंची पाइप, दोन्ही बाजूंना हात, मागे पाठ, मध्ये भोक. हत्ती बसला तरी वाकणार नाही. ट्रॉलीचा उरलेला पिवळा रंग मारला. स्वतः बसून पाहिलं, झकास वाटलं. ती संडासात ठेवली आणि आईकडे न बघता म्हणालो, "गुडघ्याला बरं पडंल."

चौथ्या दिवशी खुर्ची मागच्या अंगणात होती. तिच्यावर कांदे वाळत घातले होते आणि खाली आमची कोंबडी बसली होती.

माझं डोकं फिरलं. दोन दिवसांची मजुरी, पाइप, रंग, सगळं बोलून दाखवलं. आई कांद्याची साल काढत ऐकत राहिली. माझं संपल्यावर शांतपणे म्हणाली, "माप कुनाचं घेतलंस? तूच बसून बगितलंस न्हवं? माझं पाय खाली पोचत न्हाईत. त्या हातांच्या मधी लुगडं मावत न्हाई. लोखंड असं गार की अंगावर काटा येतुया." मग साल खाली ठेवली. "आन दरयेळी ती वडायची, सरकवायची. फरशीवर असा आवाज करतीया की आख्ख्या आळीला कळतंय, म्हातारी निघाली. ढोल वाजवून जायाचं का बाबा मी?"

मी तिच्याशेजारी उकिडवा बसायला गेलो, पण माझा गुडघाही बसू देईना. तसाच भिंतीला टेकून उभा राहिलो. मला वाटत होतं आईला बसायला जागा हवी आहे. तिला हवं होतं ते वेगळंच होतं. कुणाला न कळता जाऊन यायचं, हात कुणाचा न धरता.

"मग कसं पायजे?" मी विचारलं. इतक्या वर्षांच्या धंद्यात हा प्रश्न मी कुणाला विचारल्याचं मला आठवत नाही.

तिनं कांद्याची सालं एका बाजूला लोटली. मग म्हणाली, "हितं न्हाई. दुकानात येते. आयतवारी."

रविवारी दुपारी आई डोक्यावर पदर घेऊन दुकानात आली. मी शटर अर्धं खाली ओढलं. लाकडी ठोकळे एकावर एक रचले. त्या भंगाराच्या आणि ग्रीसच्या वासात, लग्नाला निघाल्यासारखं चापूनचोपून लुगडं नेसलेली माझी आई ठोकळ्यावर बसली आणि उठली. एक ठोकळा काढला, पुन्हा बसली. "अजून जरा खाली. हां. आता टेकलं पाय." डावा हात लुगडं धरण्यात गुंतलेला असतो, हे तेव्हा कळलं. म्हणजे सगळी मदार उजव्या हातावर. मी भिंतीवर खडूनं रेघ मारली. ती म्हणाली, "अशी आडवी नगं. उठताना हात वर सरकतुया." मी रेघ तिरकी केली. तिनं तिथं हात ठेवून पाहिला आणि मान हलवली.

मग मी टेप काढला आणि तिच्या तळहाताचं माप घेतलं. माझा दीड इंची पाइप तिच्या मुठीत मावतच नव्हता. ज्या हातानं मला जेवू घातलं, तो हात किती लहान आहे हे मला पस्तिशीत कळलं. ती लाजली. "काय बगतुयास? लिही की."

मी लिहिलं. पाऊण इंची दांडा, तिरका, उजव्या भिंतीत. ओल्या हातातून सटकू नये म्हणून त्याच्यावर सायकलची जुनी ट्यूब कापून ताणून बसवली. बसायला लाकडी पाट, मध्ये कापलेला, भिंतीला बिजागरीवर. काम झालं की उचलून भिंतीला लावायचा. त्याच्या पायाला टायरचा तुकडा, म्हणजे आवाज नाही. ठोकून ठोकून बसवला आणि रंगाचा डबा उघडला तेव्हा आई मागे येऊन उभी राहिली. "भिंतीसारकाच पांडरा दे. पावन्यांना दिसाय नगं." पिवळा डबा मी बंद केला.

बसवल्यावर तिनं चांगलं झालं, असं म्हटलं नाही. मीही विचारलं नाही. आमच्या घरात अशी बोलायची पद्धत नव्हती. पुढे आळीतल्या दोघी-तिघी म्हाताऱ्या दुपारच्या आईकडे बसायला यायला लागल्या, एरवी कधीही चहा नको म्हणणाऱ्या, आणि कपभर चहा पिऊन जायला लागल्या. नंतर त्यांची मुलं एकेक करून दुकानात आली. मान खाली घालून, ग्रिलचा भाव विचारत, मुद्द्यावर येईनात. मीच म्हणायचो, म्हातारीला रविवारी घेऊन या.

पण मला जे कळायचं होतं ते मला बायकोकडून कळलं. चैत्र निम्मा सरला होता. ती फोडणीला पानं तोडायला मागे गेली आणि तशीच परत आली. "आवं, कढीपत्ता वाळाय लागलाय. पानं पिवळी पडल्यात. कीड म्हनावी तर कीडबी दिसत न्हाई."

आई ओट्यावर बसली होती. शेजारी माझी खुणांची कळशी, तिसऱ्या खुणेच्या खाली गेलेली. तिनं हातातलं फुलपात्र तोंडाला लावलं, रिकामं करून खाली ठेवलं आणि पदरानं ओठ पुसले.

"त्येला आता येगळं पानी घालाय लागंल," ती म्हणाली.

मी बॅरलाच्या नळाखाली बादली लावली, काठोकाठ भरली आणि माझ्या हातानं कढीपत्त्याला घातली.