अभिप्राय वहीतलं एक्केचाळिसावं पान

माझ्या बायकोला माझ्या किडक्या दाढासुद्धा पाठ आहेत, पण ही गोष्ट तिलाही ठाऊक नाही. आज तुम्हाला सांगायला बसलो आहे — तुम्हालाच का? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. ओळखीच्या माणसासमोर जीभ टाळ्याला चिकटते.

आणीबाणी नुकतीच उठली होती. सोलापुरात टीव्ही अजून यायचा होता. पुण्या-मुंबईचे पाहुणे त्याच्या गोष्टी सांगत आणि आम्ही तोंडात बोट घालून ऐकत असू. अशात आमच्या चित्रपट मंडळाला — मी त्याचा सेक्रेटरी, वय सव्वीस, अंगात लेखक होण्याची मस्ती — मुंबईच्या एका ग्रंथालयाकडून इंग्रजी टीव्ही मालिकेची रिळं मिळाली. हेरांची मालिका. वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये आम्ही पडदा बांधला, खिडक्यांना चादरी लावल्या — चादरींना आपल्याकडे काय तोटा — आणि रविवारी सकाळी खेळ लावला. गोष्ट मी आधी उभं राहून मराठीत सांगितली.

लोक हाणामारी बघायला आले होते. पडद्यावरचे हेर मात्र चहा पीत, फायली हरवत, एकमेकांना टोमणे मारत. आणि मरत — तेही वेड्यासारखे. एक म्हातारा हेर साहेबांचं बोलणं चोरून ऐकायला कपाटात शिरतो. कपाटाची कडी बाहेरून पडते. साहेब लोक बाहेर बसून कोणती बिस्किटं चांगली यावर वाद घालत राहतात. दोन दिवसांनी कपाट उघडतं तेव्हा म्हातारा वही-पेन्सिलीसकट धाडकन बाहेर पडतो, मेलेला. वहीत काय, तर बिस्किटांची नावं! हॉल पोट धरधरून हसला. मीही हसलो.

आमच्याकडे एक अभिप्राय वही होती. खेळ संपला की लोक तिच्यात लिहीत, मी त्याचा गोषवारा इंग्रजीत करून मुंबईला पाठवी, मग पुढची रिळं मिळत. त्या रविवारी एका निवृत्त मास्तरांनी लिहिलं, ‘इंग्रज इतका चहा पीत असतील तर राज्य गेलं यात नवल ते काय.’ गावाच्या पूर्वभागातल्या एका विणकराने लिहिलं, ‘मारामारी नाही. मोटार एकच. पंखा बंद.’ वही घरी नेऊन मी एकेक वाचत, हसत होतो. आणि मग महानंदाक्काचं पान आलं.

महानंदाक्का वाचनालयात पुस्तकं देण्या-घेण्याच्या टेबलावर असे. आलेल्या मासिकांवर शिक्का मारणं, रजिस्टरांच्या पानांना आकडे घालणं, सगळं तिच्याकडे. घरी कानडी, आमच्याशी मराठी, शिक्षण सातवीपर्यंत. मला ती ‘शेक्रेटरी’ म्हणायची, निम्मं चिडवत, निम्मं कौतुकाने. नवं पुस्तक आलं की माझ्यासाठी ड्रॉवरमध्ये दडवून ठेवायची. ती विधवा आहे एवढंच मला माहीत होतं. कशी झाली, हे मी कधी विचारलं नव्हतं.

पानावर पेन्सिलीने लिहिलं होतं — मला ते अजून शब्दन् शब्द येतं — ‘मी हसले. सगळे हसले म्हणून नाही, मला खरंच हसू आलं. मग आठवलं, आमचे हे पण असेच गेले. गिरणीच्या गोदामावर राखणीला होते. सूतचोर धरायचा म्हणून रिकाम्या पेटीत लपले, झाकणाची कडी पडली. पेठेत लोक हसले होते. सात वर्षं मी त्यांना माफ केलं नाही. आज मीच हसले. आता रागावू कुणावर?’

मी ते पुन्हा वाचलं. डोळे भरून आले होते, खोटं कशाला सांगू? पण त्या ओल्या डोळ्यांनीच मी दुसरं काहीतरी बघत होतो. पुण्याच्या एका मासिकाला आमच्या मंडळावर लेख हवा होता. माझे तीन खर्डे झाले होते, तिन्ही नाचणीच्या आंबिलीसारखे पाणचट. आणि इथे —

पळवाटा शोधतोय बघा अजून. सरळ सांगतो. मी ते पान ब्लेडने कापलं. त्यातला मजकूर माझ्या लेखाच्या शेवटी घातला. नवऱ्याच्या जागी ‘माझे मामा’ लिहिलं, ‘हसले’चं ‘हसलो’ केलं, बाकी शब्द तसेच ठेवले. त्यांना हात लावावासा वाटला नाही, इतके ते चांगले होते.

लेख गाजला. पुण्याहून पत्रं आली, संपादकांनी सदर दिलं. पुढे चार पुस्तकं झाली, सत्कार झाले, आणि आजही कुणी भेटलं की म्हणतं, तो तुमचा मामांचा लेख, वा! मी मान खाली घालतो. लोकांना तो विनय वाटतो.

पण तुम्हाला सांगायचं ते हेही नाही. चोरी केली, ठीक — वयाच्या माथी मारता आली असती. ते मासिक सोलापुरात मोजके लोक वाचत, पण वाचनालयात यायचं. म्हणजे तिच्या हाताखालून जायचं. याचा मी विचार केला नव्हता का? केला होता. ती वाचणार नाही, अशी स्वतःची समजूत घातली होती.

दुपारची वेळ होती, वाचनालयात कुणी नव्हतं. तिने अंक माझ्यासमोर ठेवला. शिक्का नीट मारलेला. आवाजात राग नव्हता. अगदी हळू तिने विचारलं, “शेक्रेटरी, तुमचे मामा बी असेच गेले व्हय?”

आता सांगा, आपली वाक्यं माणसाला ओळखू येत नाहीत? वहीच्या पानांना आकडे तिनेच घातले होते. चाळिसानंतर बेचाळीस आलेलं तिला दिसलं नसेल? ती मला दार उघडून देत होती. एक शब्द पुरला असता. “चुकलो अक्का” म्हणालो असतो तर तिने मला हाकललंही नसतं, मी तिला ओळखतो.

मी म्हणालो, “हो.”

तिने अंक बाजूला सरकवला. मग ती खुर्ची ओढून बसली आणि यजमानांबद्दल बोलू लागली. त्यांना कडक भाकरी आणि शेंगाची चटणी कशी लागायची, गोदामातून एक दोरा कधी घरी आणला नाही, त्या दिवशी डबा विसरून गेले म्हणून ही कशी चिडली होती. तासभर बोलली. दोन माणसं एकच दुःख घेऊन बसली असावीत तशी. आणि मी मान डोलावत होतो! मध्येच एकदा तिने माझ्याही पाठीवरून हात फिरवला.

पुढेही ती दर खेळाला यायची, पुस्तकं दडवून ठेवायची. वहीत मात्र तिने पुन्हा काही लिहिलं नाही. एकदा मीच वही पुढे केली, लिहा की अक्का म्हणालो. वही माझ्याकडे सरकवून ती म्हणाली, “तुमीच लिवा. तुमी चांगलं लिवता.”

ती गेली त्यालाही आता पुष्कळ वर्षं झाली. तो लेख माझ्या पहिल्या पुस्तकात पहिलाच आहे.

मला मामा नाहीत. माझी आई एकुलती एक होती. पेटीत गेलेल्या माणसाचं नाव शिवलिंगप्पा. ते महानंदाक्काचे यजमान होते.