सगळीकडं सारखं जांभळं

यंत्राचं बटण दाबायच्या आधी मामांचा डावा हात खिशात जायचा. "एक हात कामाला, एक हात घरच्यांला," असं म्हणायचे. दोन्ही हात लागले तर करंट छातीतून जातो, एकच लागला तर वाचायची आशा असते. हे मला बीडच्या आमच्या कॉलेजात, फिजिक्सच्या लॅबमध्ये, मामांनी शिकवलं.

लॅब अटेंडंटला आपण सगळेच मामा म्हणतो. तुमच्याही कॉलेजात असतील एखादे, सरांपेक्षा लॅब जास्त ओळखणारे. आमचे मामा धारूरकडचे. लहानपणी मेंढरं वळली, मग इथं चिकटले. मी ऊसतोडीला जाणाऱ्या घरातली. आमच्या घरात कॉलेज पूर्ण केलेली मी पहिली, आणि हे सांगायला मला अजून आवडतं. मामांना तर माझ्याहून जास्त. कुणी नवं आलं की मी तोंड उघडायच्या आत, "ही आमची माय एमेस्सी करती."

माझा प्रोजेक्ट प्लाझ्माचा होता. दोन काचांमध्ये बारीक फट, काचांच्या मागं तांब्याचे पत्रे आणि पत्र्यांना काही हजार व्होल्ट. मग फटीतली हवा जांभळी उजळते. त्या उजेडात ठेवलेलं ज्वारीचं बी लवकर उगवतं का, ते मला पाहायचं होतं. पण उजेड पसरायचाच नाही. एकाच जागी दोऱ्यासारख्या ठिणग्या कडकडायच्या आणि तिथलं बी करपायचं.

मामांनी एक दाणा तोंडात टाकला. "लाह्या भाजायला येवढं मशीन कावून गं?"

व्होल्ट कमी केले की अंधार, वाढवले की कडकड. पंधरा दिवस असेच गेले. एका दुपारी मी रडकुंडीला येऊन त्यांना स्क्रीनवर दाखवायला लागले, व्होल्टेज कसं चढतं, कसं उतरतं.

"स्क्रीन राहू दे. हातानं दाव," म्हणाले आणि माझं मनगट धरलं. मी हवेत गोल लाट काढली.

"म्हंजे हळूहळू ढकलतीस व्हय? मग कसं व्हईल? हळू ढकललं की एक मेंढरू फट हुडकतं, आन बाकीची त्याच्याच मागं घुसत्यात. समदी संगं उठवायची तर एकदम हाकारा द्यायचा. आन लगीच गप बसायचं."

मी हसले. दारात उभे राहून ऐकणारे माझे प्रोजेक्टचे सर मात्र हसले नाहीत. "बरोबर आहे," ते म्हणाले. "एका जागेला आघाडी घ्यायला वेळच द्यायचा नाही. लाटेचा आकारच बदल." उभी चढण, लगेच उतार, मग विसावा. तसं सर्किट जोडण्यात महिना गेला.

चालू केलं त्या दिवशी खिडकीतून ऊन येत होतं, म्हणून मी फटीवर काळं कापड टाकलं होतं. आत कॅमेरा. बटण दाबलं. कडकड नाही, नुसती एकसारखी सळसळ. माझ्यासमोरच्या स्क्रीनवर, कॅमेऱ्याच्या चित्रात, या टोकापासून त्या टोकापर्यंत उजेड. मी ओरडणार, तेवढ्यात स्क्रीनकडे पाठ करून कापडासमोर उभे असलेले मामा म्हणाले, "वा! सगळीकडं सारखं जांभळं!"

मी कापडाकडे पाहिलं. मग मामांकडे. त्यांचा चष्मा रोज घरी राहायचा. बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या मला वाचायला लावायचे. आणि स्क्रीन सोडून धरलेलं ते माझं मनगट.

"काय झालं गं?"

"मामा, वर कापड हाय."

त्यांचा डावा हात खिशातच होता.

"मेंढरं चरताना असाच आवाज येतो," ते हळू म्हणाले. "त्याच्यावरून वळखलं. मोतीबिंदू हाय. चार महिने राहिलेत रिटायर व्हायला. कळलं तर गेटवर बसवत्याल. लॅबची चावी जाईल. सरांना सांगू नगं."

"चावी राहू द्या तुमच्याकडं. पण आजपासून तारेला हात लावायचा न्हाई. जोडणार मी, आयकणार तुमी."

"आन न्हाई मानलं तर?"

"तर सांगते सरांना."

"लई कडू हायेस माय," म्हणाले. पण तारेला पुन्हा हात लावला नाही. चार महिने ते स्टुलावर बसून ऐकायचे. मधेच हात वर करायचे, "थांब. एक मेंढरू चाललं." काच खरंच केसभर सरकलेली असायची.

निवृत्तीच्या दिवशी मामांनी चावी सरांच्या हातात ठेवली आणि ते गावी गेले. स्टूल अजून तिथंच आहे. मी आता त्याच कॉलेजात तासिकेवर शिकवते. अटेंडंट नवे आहेत, पण त्या स्टुलावर बसायला मी कुणाला सांगत नाही.

मामा एकदाच परत आले. ऑपरेशन झालेलं, डोळ्यांवर काळा चष्मा. "आता दाव," म्हणाले. मी खिडक्या लावल्या, कापड काढलं, बटण दाबलं. चष्मा काढून ते वाकले. जांभळा उजेड त्यांच्या गालावर पडला.

"मी मनात जरा जास्त गडद केलतं," ते म्हणाले.

मग डावा हात खिशात घालून त्यांनी डोळे मिटून घेतले, आणि ऐकत उभे राहिले.