मागचे पाटे

साठ सालाच्या आगेमागे मी मूर्तिजापूरपासून आत, पूर्णेच्या बाजूच्या एका गावात दवाखान्यावर नर्स होते. दवाखाना म्हणजे दोन खोल्या आणि एक ओसरी. डॉक्टर आठवड्यातून एकदा यायचे. एरवी मी आणि एक कंपाउंडर. तो दिवस कलला की सायकलवर टांग मारून आपल्या गावी जायचा आणि मग मी एकटीच. माझी खोली दवाखान्याच्या मागे, गावापासून जरा सुटी होती. स्टोव्हचा आवाज बंद झाला की दुसरा आवाज नसायचा.

माझं लग्न लहानपणीच झालं होतं. नवरा तापानं गेला तेव्हा त्याचा चेहराही मला नीट आठवत नव्हता. वडिलांनी पुढं शिकवलं, अमरावतीला नर्सिंगला घातलं. छप्पन्न साली आमच्या घरानं दीक्षा घेतली आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत वडील गेले. एक भाऊ बडनेऱ्याला रेल्वेत होता. तो बोलवायचा, पण त्याचं क्वार्टर लहान आणि माणसं जास्त, म्हणून माझं जाणं कमीच.

गावानं मला त्रास दिला असं म्हणता येणार नाही. बाळंतपण अडलं की माणूस धापा टाकत दाराशी येई, ‘बाई, लौकर चाला.’ मूल झालं की गूळ वाटत. माझ्या वाट्याचा खडा मात्र वरून हातावर टाकत, हाताला हात लागू देत नसत. मी तो पदराच्या टोकाला बांधून खोलीवर आणायची. बहुतेक वेळा तसाच मुंग्यांना जायचा.

त्या वर्षी गावच्या कापसाच्या जिनवाल्या शेठजींनी आपली जुनी पिकअप गाडी दवाखान्याला देऊन टाकली. दुसऱ्या महायुद्धानंतर फौजेच्या लिलावात निघालेल्या गाड्यांपैकी ती एक. शेठजींकडे तिनं सरकीची पोती वाहिली होती. तिच्यावर ताडपत्रीचं छप्पर बसवलं, दोन्ही बाजूंना लाल फुली रंगवली, आणि फौजेत गाडी चालवून परत आलेला गावातलाच एक पन्नाशीचा गृहस्थ ड्रायव्हर म्हणून ठेवला. माणूस चांगला होता, पण अगदी कमी बोलायचा. आता अडलेली बाई थेट अकोल्याच्या मोठ्या दवाखान्यात नेता येईल म्हणून डॉक्टर खूश झाले. मीही झाले.

पहिली बाई घेऊन निघालो ती गावाबाहेरच्या नाल्यापुढं गेलीच नाही. आमच्याकडची काळी माती पावसाळ्यात चिखल होते आणि पुढं वाळली की बैलगाड्यांच्या चाकोऱ्या दगडासारख्या टणक होतात. त्यावरून ती गाडी अशी उधळायची की बाई फळ्यांवरून हातभर वर उडे आणि दाणकन् खाली पडे. मी तिची कंबर धरून बसले होते. सासू देवाचा धावा करत होती. शेवटी बाई ओरडली, “मले उतरवा! मी पायी जातो. वाटंत मेली तरी चालन, पन ह्या गाडीत नाई.”

उतरवली. नाल्याकाठी बाभळीखाली लुगड्यांचा आडोसा करून मी तिला मोकळी केली. मुलगी झाली, लगेच रडली. दोघी वाचल्या हे नशीब. पण पुढं पाणवठ्यावर, शेतात, बाजारात ती हेच सांगत राहिली, “दवाखान्याच्या गाडीत बसू नोका व. हाडं खिळखिळी होतात.”

त्यानंतर गाडीत कोणी बसेना. पुढच्याच महिन्यात एका घरची सून अडली. मी म्हटलं गाडी काढू. नवऱ्यानं ऐकलं नाही, बैलांची दमणी जुंपली. बैल चालून चालून किती चालणार? मूर्तिजापूर आलं तोवर पोटातलं मूल गेलेलं होतं. आणि आमची गाडी दवाखान्यासमोर लिंबाखाली उभी होती.

मी डॉक्टरांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, “बाई, अकोल्याला नेऊन तिचं काय करायचं ते करून आणा. तुम्हीच जा. बसणाऱ्या बायांचं तुम्हालाच जास्त कळणार.”

अशी मी गाडी दुरुस्तीला घेऊन गेले.

बाळापूर नाक्याजवळ एक गॅरेज होतं. गॅरेज समोर आणि मिस्त्रीचं घर त्यालाच लागून. मिस्त्री मध्यम वयाचे, दाढी मेंदीनं रंगवलेली. त्यांनी गाडीखाली वाकून पाहिलं आणि हात पुसत मला विचारलं, “बाई, इसमें माल क्या जाता?”

“बाळंतीण,” मी म्हटलं.

“और?”

“तिची सासू. आणि मी.”

“बस?” ते ड्रायव्हरकडे वळून म्हणाले, “मतलब गाडी खालीच चलती.”

त्यांचं म्हणणं मला नंतर कळलं. गाडीच्या मागच्या आसावर पोलादाच्या लांब पट्ट्यांची चळत असते, तिला पाटे म्हणतात. गाडीचं मागचं सगळं वजन त्या पाट्यांवर तोललेलं असतं. शेठजींनी पोत्यांच्या ओझ्यासाठी जादा पाटे घातले होते. पोती भरली की ते दबत आणि गाडी संथ चाले. एका वाळलेल्या बाईच्या वजनानं ते काय दबणार? एवढं सगळं दुःख गाडीत घातलं तरी पाट्यांच्या लेखी गाडी रिकामीच.

“मंग पाटे काढा,” मी म्हटलं.

ड्रायव्हर इतक्या वेळानं बोलला. “पाटे काढले तं गाडी खाली बसन, बाई. चाकोरीच्या मधातला उंचवटा आसाच्या मधल्या लोखंडी गोळ्याले घासते. नाल्यात तं अडकूनच जाईन. माह्यं म्हननं, गाडी उचला.”

“उठा देंगे,” मिस्त्री म्हणाले. आस आणि पाटे यांच्यामध्ये लोखंडी ठोकळे घातले की गाडी वर उचलली जाते. “पन ऊंची ज्यादा हुई तो डोलेगी.”

आणि चढायचं कसं? उचललेल्या गाडीत कळा देणारी बाई चढणार कशी, हे मी विचारलं. मिस्त्री म्हणाले, “आप बोलो कैसा होना. वैसा करेंगे.”

पण कसं हवं ते मला तरी कुठं ठाऊक होतं? मी नेहमी बसून गेलेली. आडवं पडलेल्या बाईला काय होतं ते फक्त त्या बाईला माहीत, आणि तिला अकोल्याला आणून विचारता येणार नव्हतं. ड्रायव्हर म्हणाला, मी पडून पाहतो. मिस्त्री म्हणाले, तुम्ही पडलात तर चालवणार कोण, माझ्याकडून असल्या रस्त्यावर तुमची गाडी चालायची नाही.

“मी झोपते,” मी म्हटलं.

दोघांनीही मान खाली घातली. तेव्हा मी तिशीची होते, पांढरं पातळ नेसलेली, आणि भर दुपारी परक्या गावात गाडीत उताणी पडणार म्हणत होते. मिस्त्रींनी घराच्या पडद्यापाशी जाऊन आवाज दिला. आतून एक हात आला आणि धुतलेली गोधडी देऊन गेला.

आधी ड्रायव्हरच्या म्हणण्याप्रमाणे सगळे पाटे ठेवून उंच ठोकळे घातले होते. मला वर चढायला स्टूल आणावं लागलं. रस्ता सोडून गाडी शेताकडच्या वाटेला लागली आणि पहिल्याच खड्ड्यात माझं डोकं फळीवर आपटलं. मी दात आवळून पडून राहिले. त्या बाईचं ओरडणं मला आता वेगळंच ऐकू येऊ लागलं. परत आल्यावर मी फक्त नाही म्हणून मान हलवली.

मग ठोकळे काढले, जादाचे सगळे पाटेही काढले. काम होईपर्यंत मिस्त्रींच्या बायकोनं मला घरात बोलावलं. चुलीपाशीच पाट दिला, आपल्या बरोबरीनं जेवायला बसवलं, पोळीवर पोळी वाढली. “बच्चे कितने?” तिनं विचारलं. नाहीत म्हटलं. “मियाँ?” तेही नाहीत म्हटलं. माझ्या ताटातली भाजी संपलेली पाहून तिनं पुन्हा वाढली. कितीतरी महिन्यांत मी कोणाच्या शेजारी बसून जेवले नव्हते, हे हात धुताना माझ्या लक्षात आलं.

या खेपेला गाडी खरंच मऊ झाली होती. मी वर पाहत पडले होते. ताडपत्री मागं गुंडाळली होती. खांबांवरच्या तारा, घारी, झाडांचे शेंडे उलटे सरकत होते. लहानपणानंतर मला कोणी असं उचलून कुठं नेलं नव्हतं. मी दुसऱ्यांना न्यायची. ड्रायव्हर अगदी जपून चालवत होता. मागच्या खिडकीतून त्यानं विचारलं, “बाई, कसं वाटून राह्यलं?”

मला क्षणभर कळलंच नाही की तो गाडीचं विचारतो आहे. मी उत्तर दिलं नाही तेव्हा त्यानं गाडी थांबवली आणि खाली उतरून मागं आला. “लागलं का?”

“नाही,” मी म्हटलं. “चालू द्या.”

पण पुढं ते मऊपणच अंगावर आलं. एका खड्ड्यानंतर गाडी बराच वेळ खालीवर झोके घेत राहायची. मला मळमळू लागलं. त्यात आसाचा गोळा उंचवट्याला घासला, कर्रकन् आवाज झाला. म्हणजे हेही नाही.

दुसऱ्या दिवशी तिघांनी बसून मधला मार्ग काढला. काही जादा पाटे काढायचे, काही ठेवायचे. चार बोटं उंचीचे ठोकळे घालायचे, त्याहून जास्त नाही. झोके आवरायला मागं दणके पिणाऱ्या नव्या नळ्या बसवायच्या. फळ्यांच्या दोन्ही कडांना रेतीची पोती ठेवायची; त्यानं पाट्यांवर थोडं वजन राहील आणि बाई लोळणारही नाही. रेतीचं मिस्त्रींनी काढलं, तर ड्रायव्हर कुरकुरला की फुकटची रेती काहून वाहाची. मागं लोंबती लोखंडी पायरी मात्र मी हट्टानं करून घेतली.

खरी परीक्षा आमच्याच वाटेवर होती. म्हणून मूर्तिजापूर सोडून कच्ची वाट लागली तशी मी पुन्हा मागं आडवी झाले. ऊन तोंडावर येत होतं म्हणून पांढरी चादर वर ओढून घेतली. नाला आला. गाडी हळूच खाली उतरली, हळूच वर चढली. दणका बसला, पण एकदाच बसला आणि जिरला. मला हायसं वाटलं. मी डोळे मिटले.

वाटेवरच्या शेतात बाया कापूस वेचत होत्या. त्यांनी पाहिलं ते एवढंच, की ड्रायव्हर मुंगीच्या चालीनं गाडी आणतो आहे आणि मागं नर्सबाई चादर पांघरून निश्चल पडली आहे.

आम्ही दवाखान्याशी पोचलो तोवर बातमी पायवाटेनं पुढं गेली होती. ओसरीसमोर माणसं जमली होती. मी चादर झटकून पायरीवरून खाली उतरले, तशी एक म्हातारी किंचाळलीच. मग सगळे हसले, मीही हसले. ड्रायव्हरनं काय झालं ते दोन वाक्यांत सांगितलं. “आमाले वाटलं, बाई गेली,” असं म्हणत लोक पांगले. आत कोणी आलं नाही.

एक मागं राहिली. तीच, नाल्याकाठी बाळंत झालेली. मुलगी तिच्या काखेत होती. ती गाडीच्या पायरीवर उभी राहून आत पाहत होती, हातानं गोधडी दाबून पाहत होती. नंतर माझ्याकडं वळून म्हणाली, “बाई, राग नोका मानू. वाटंनं येता येता आमी बोलून राह्यलो होतो, का बाईचं कळवाचं कोनाले? कोनालेच मालूम नोयतं. तुमाले हाय का कोनी?”

“भाऊ आहे,” मी म्हटलं. “बडनेऱ्याला. रेल्वेत.”

“मंग बरं,” ती म्हणाली. मुलीला सावरत पायरीवरून उतरली आणि गेली.

त्या दिवशी मी स्वयंपाक केला नाही. पाच वर्षं त्या गावात होते. निम्म्याहून जास्त घरांतली लेकरं माझ्या हातावर आली होती. आणि मी मेले तर कोणाला सांगायचं हे गावाला ठाऊक नव्हतं. त्यांना नव्हतं, कारण मी कधी सांगितलं नव्हतं. आणि मी सांगितलं नव्हतं, कारण कोणी विचारलं नव्हतं. सकाळी ड्रायव्हर आला तेव्हा मी भावाचं नाव आणि क्वार्टरचा ठिकाणा त्याला पाठ करून घ्यायला सांगितला. त्यानं काहूनबिहून विचारलं नाही. दोनदा म्हणून दाखवला.

गाडी नंतर चालू लागली. आधी ती नाल्याकाठचीच बाई आपल्या जावेला घेऊन आली, मग बाकीच्याही येऊ लागल्या. सगळ्या वाचल्या असं नाही. पण वाटेत कोणी उतरवा म्हणालं नाही.

एकदा एका सुनेला जुळं अडलं होतं. तिला अकोल्याला वेळेत पोचवलं. डॉक्टरीणबाईंनी दोन्ही मुलं सुखरूप काढली. तिच्या माहेरची माणसं अकोल्यातच होती, ती धावत आली आणि तिच्याभोवती गर्दी झाली. माझं काम संपलं होतं. बाहेर आले तर ड्रायव्हर चहाला गेलेला. मी गाडीच्या मागच्या पायरीवर बसून राहिले. भेटीची वेळ झाली होती. फाटकातून माणसं आत येत होती, कोणाच्या हातात डबा, कोणाच्या हातात थर्मास, कोणी लेकराचं बोट धरलेलं. एकानं मला विचारलं, बायांचा वॉर्ड कुठं? मी हात करून दाखवला. ड्रायव्हर परत आला आणि म्हणाला, “निंगाचं का बाई?” मी म्हटलं, थोडं थांबा. तो पुढं जाऊन बसला. फाटकातली गर्दी विरळ होईपर्यंत मी तिथंच होते.