तीनदा विचारायचं

गेल्या महिन्यात लासुर्ण्याहून फोन आला, हिल्डावहिनी गेल्या. त्यांची लेक उषा रडत होती आणि माझ्या कानात मात्र वहिनींचा शब्द घुमत होता... नको. आठच दिवसांपूर्वी मी फोनवर विचारलं होतं, वहिनी, येऊ का भेटायला? त्या म्हणाल्या, "नको गं सुमे, कशाला एवढ्या उन्हाची?" मी ऐकलं. बारामतीत पंख्याखाली बसून राहिले.

पन्नास सालानंतरची गोष्ट. माझे चुलत दीर साखरेचं तंत्र शिकायला जर्मनीला गेले आणि येताना वहिनींना घेऊन आले. मी नुकती लग्न होऊन लासुर्ण्यात आलेली. अंगाने काडी, अक्कल त्याहून बारीक. पहिल्यांदा त्यांच्याकडे गेले, तर त्यांनी निळ्या पत्र्याच्या डब्यातून केक काढला आणि विचारलं, खाणार? आता पहिल्या विचारण्याला हो म्हणणं म्हणजे हावरटपणा! मी मान खाली घालून नको म्हटलं. त्यांनी शांतपणे डब्याचं झाकण लावलं. असं चारदा झालं. पाचव्या दिवशी मी सासूबाईंना, म्हणजे आत्याबाईंना सांगितलं, गोरीचा हात लई आखडता हाय. झालं, गावभर तेच. विहिरीवरच्या बायका त्यांना पाहून तोंड फिरवायला लागल्या.

पुढे त्या आमच्याकडे पुरणपोळी जेवायला आल्या. नको म्हटलं तर माणसं दुखावतील म्हणून वाढेल ते खात गेल्या, आणि पानातली पोळी संपली की आत्याबाई आणखी एक वाढायच्या. सातव्या पोळीवर मी पदराआड हसत तूप सोडलं... काय म्हणावं मला कार्टीला. वहिनी दोन दिवस अंथरुणात. बघायला गेले तर रडत होत्या. माझ्याशी कुणी बोलत का नाही, असं त्यांनी विचारलं, तेव्हा मला सगळं ओकावं लागलं.

"तुला भूक होती, मग नको का म्हणालीस?"

"तुमी परत विचारायचं असतं वैनी. तीनदा."

तेव्हापासून पदराखाली बोटं मोजत त्या प्रत्येकीला तीनदा विचारत. गावाने त्यांना आपलं म्हटलं. मला मात्र त्यांनी बजावलं, "सगळ्यांचं असू दे. आपल्या दोघींत नको म्हंजे नको." साठ-पासष्ट वर्षं मी ते पाळलं. त्या फोनवरही पाळलं.

तेराव्याला उषा म्हणाली, "काकू, त्या आठवड्यात आई मला रोज ताजा केक करायला लावायची. म्हणायची, सुमी येईल. मी नको म्हटलं म्हणून ती काय ऐकणार हाय व्हय?"

वहिनी कधीच लासुर्ण्याच्या झाल्या होत्या. परकी उरले होते ती मीच.

उषाने निळा डबा पुढे केला. "न्याल का काकू?" जिभेवर जुनं नको आलं होतं, ते गिळलं आणि पहिल्याच विचारण्याला म्हटलं, दे.

आता तो उशाशी असतो. दुपारी झाकण उघडते, आत लोण्याचा वास अजून आहे थोडा. मग मी विचारते, वहिनी, येऊ का? थांबते. पुन्हा विचारते. आणि तिसऱ्यांदाही...