कलम पहिले : मुख्य कॉक बंद करावा

माझ्या आत्याचे यजमान, म्हणजे आमचे आतोबा, एका कारखान्यात सुरक्षा अधिकारी होते. तोंडावर मी त्यांना कधी उलटून बोललो नाही, म्हणून मनातलं सगळं इथे सांगून टाकतो. तीस वर्षं या माणसाने कामगारांना एकच प्रश्न विचारला, "मशीन बंद करायचं बटण कुठे आहे?" ज्याला पटकन दाखवता यायचं नाही, त्याला ते सगळ्यांसमोर ताटकळत उभं करायचे. ते निवृत्त झाले तेव्हा कारखान्याची पीडा टळली आणि ती आत्याच्या घरी मुक्कामाला आली.

मग घरात सूचना लागल्या. गॅसजवळ एक, इस्त्रीजवळ एक, स्टुलावर चढण्यापूर्वी वाचायची एक. प्रत्येक सूचना टाइप केलेली, प्लास्टिकमध्ये बंद केलेली आणि खाली यांची लफ्फेदार सही. स्वतःच्या बायकोला स्टुलावर कसं चढावं हे लेखी कळवणारा दुसरा नमुना मी पाहिलेला नाही. सगळ्यांत मोठी सूचना बाथरूमच्या दाराशी होती, पाइप फुटल्यास काय करावे. कलम पहिले : मुख्य कॉक बंद करावा.

आणि तो मुख्य कॉक याच गृहस्थांनी भिंतीत गाडला होता. नऊ वर्षांपूर्वी त्यांनी बाथरूमला फिक्या पिवळ्या टाइल्स बसवल्या. त्या टाइल्समध्ये कॉकचं लाल चाक डोळ्यांत खुपायला लागलं. टाइल्स बसवणारा म्हणाला, "साहेब, इथे छोटी खिडकी ठेवू या. उद्या पाइप फुटला तर?" आतोबा म्हणाले, "मी असताना फुटणार नाही." पाइपालाही त्यांनी लेखी कळवलं असावं. हे सगळं मला आत्याने नंतर सांगितलं, त्या दिवशी मला यातलं काही ठाऊक नव्हतं.

आत्या कपडे शिवते, पण कुणाचेही नाही. तयार कपडे ज्यांच्या अंगाला लागत नाहीत, अशांचे शिवते. कुणाची पाठ वाकलेली, कुणाचा एक हात आखूड, कुणी वर्षानुवर्षं अंथरुणाला खिळलेलं. एकेकाच्या अंगाच्या मापाचं खाकी कागदाचं कटिंग तिने चार-चारदा सुधारून बसवलेलं. अशी तीस वर्षांची कटिंगं बाथरूमच्या भिंतीला टेकलेल्या कपाटात होती. त्यात माझंही होतं, कारण माझा डावा खांदा उजव्यापेक्षा दोन बोटं खाली आहे आणि दुकानातला शर्ट माझ्यावर दुसऱ्याचा वाटतो. तिचं काम आणि तिचं नाव, दोन्ही त्या कपाटात होतं.

आतोबा बोलायला लागले की आत्या तोंडात टाचण्या धरायची. शिवणाला इतक्या टाचण्या लागत नाहीत, हे मला फार उशिरा कळलं.

त्या रविवारी सकाळी मी शर्ट न्यायला गेलो. आत्या एका अंथरुणावरच्या बाईंना गाऊन घालून बघायला गेली होती. आतोबांनी मला बसवलं आणि मी चप्पल दाराच्या कोणत्या बाजूला काढायला हवी होती, यावर सुरुवात केली. तेवढ्यात बाथरूममध्ये फट्‌ आवाज झाला. बेसिनखालचा पाइप भिंतीपाशी फुटला होता आणि पाणी समोरच्या भिंतीवर सपासप आपटत होतं.

मी दाराशी सूचना वाचली आणि विचारलं, "आतोबा, कॉक कुठे आहे?"

"तो सध्या वापरात नाही," ते म्हणाले.

असं उत्तर द्यायला तीस वर्षांची नोकरी लागते.

"मग प्लंबरला फोन करू?"

"प्लंबरला काय कळतंय? आधी परिस्थितीची पाहणी करायची."

पाहणी करताना ते डोक्यापासून पायापर्यंत भिजले. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण म्हणतात. आमचे पाषाण ओले होते, एवढाच फरक. मग त्यांनी सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळली, ती उडाली. टॉवेल बांधला, तो सुटला. शेवटी कमरेचा पट्टा काढून पाइपाला आवळला, वर माझे दोन्ही हात ठेवले आणि म्हणाले, "दाब. सोडू नकोस." पट्टा पाइपाला गेल्यामुळे त्यांची पँट घसरत होती, ती त्यांनी एका हाताने धरली आणि दुसऱ्या हाताने मला हुकूम दिले.

पाणी उंबरठा ओलांडून खोलीत गेलं. ते कपाटाच्या दाराखालून आत शिरताना मला दिसलं.

"आतोबा, आत्याची कटिंगं भिजतील. मी पटकन काढून येतो."

"कागद आहेत ते. तू जागा सोडलीस तर दाब वाढेल."

दाब असा वाढत नसतो, हे शाळेतल्या पोरालाही कळतं. मलाही कळत होतं. तरी मी दाबून बसलो. माझ्या हाताखालून पाणी वाहतच होतं, त्या दाबण्याचा काडीचा उपयोग नव्हता. एका हाताने पँट सावरणाऱ्या माणसाचा हुकूम मी पाऊण तास पाळला. त्यांची मला कीव येत नाही, किळस येते, आणि त्या पाऊण तासापुरती ती माझीही येते.

आत्या आली. घोटाभर पाण्यातून ती आधी कपाटापाशी गेली. खालचे तीन कप्पे तिने उघडले. कागदांचा लगदा झाला होता आणि वर लिहिलेली मापं, माणसांच्या खुणा, सगळी शाई एकमेकांत उतरली होती. एक गठ्ठा उचलला तर तिच्या हातातच तुटला. तिने तो परत ठेवला आणि बाथरूमच्या दाराशी येऊन उभी राहिली.

"अहो, पहिलं कलम वाचा."

"अगं, ही काय वेळ आहे..."

"वाचा."

आतोबांनी वाचलं, "मुख्य कॉक बंद करावा."

"करा मग."

आतोबा भिंतीकडे बघत राहिले. कॉक कोणत्या टाइलखाली गाडला, हेच ते विसरले होते. मग बोटांनी एकेक टाइल वाजवायला लागले, दार वाजवल्यावर आतून कुणी ओ देईल अशा आशेने. आत्या आत गेली, हातोडा घेऊन आली आणि खिडकीपासून दुसरी, खालून तिसरी टाइल दोन घावांत फोडली. आत लाल चाक होतं. ते नऊ वर्षांत आखडलं होतं, म्हणून तिने पक्कड लावून फिरवलं. पाणी थांबलं.

"रोज पुसते मी ही टाइल," ती मला म्हणाली. "पोकळ वाजते."

आतोबांनी भिंत नीट न्याहाळली. "जरा बेताने फोडायची. शेजारची तडकली."

पंधरा दिवसांनी आत्याने मला माप द्यायला बोलावलं. तिच्या कटिंगांपैकी जेमतेम वरच्या कप्प्यांतली वाचली होती. बाकीच्यांकडे ती पुन्हा दारोदार जात होती. एका बाईंना माप घ्यायला दोघांनी धरून उभं करावं लागलं. मागच्या वेळी त्या स्वतःच्या पायावर उभ्या होत्या.

ती माझा डावा खांदा मोजत होती, तेव्हा आतोबा शेजारच्या मास्तरांना घेऊन आले. भिंतीतलं भोक तसंच होतं, पण बाजूला नवी सूचना आली होती, बाणासकट, सहीसकट.

"हा कॉक मी मुद्दाम उघडा ठेवलाय, मास्तर. सुरक्षेच्या दृष्टीने. परवा पाइप फुटला, पण मी घर हातचं जाऊ दिलं नाही."

पडलो तरी नाक वर. मास्तरांनी मान डोलावली. आत्याने तोंडातल्या टाचण्या एकेक करून काढल्या, पाच होत्या, आणि उशीत खोचल्या.

"अहो," ती म्हणाली, "हातोडा कुठे असतो आपल्याकडे? दाखवा मास्तरांना."

आतोबांनी दाराआड पाहिलं. मशीनखाली पाहिलं. स्टुलावर चढायची सूचना न वाचता स्टुलावर चढून माळ्यावर पाहिलं आणि खाली उतरले. हातोडा कुठे असतो ते मला ठाऊक होतं, पण या वेळी मी त्यांच्या मदतीला हललो नाही. मास्तर वाट बघत होते. आत्याने आतोबांना तसंच सगळ्यांसमोर उभं राहू दिलं आणि माझा दुसरा खांदा मोजायला घेतला.