झेंडी वर गेली की टाळ्या

आधीच सांगून टाकतो, आमी पाचच्या पाच मॅच हरलो. पण थांबा, गोष्ट हरण्याची न्हाईच. हरणं तर टीमची यादी लागली त्याच दिवशी ठरलं होतं.

बीडच्या आमच्या कॉलेजात फुटबॉल सुरू करा म्हणून मी वर्षभर खेळाच्या सरांच्या मागं लागलेलो. सर कबड्डीतले लई मोठे माणूस. फुटबॉल त्यांच्या लेखी बिनकामाची पळापळ. शेवटी वैतागून म्हणले, "कर बे टीम. पण पाच मॅचमधी एक तरी गोल दिसला पायजे मला. न्हाईतर पुढल्या साली टीम बंद, अन् त्या जागेवर कबड्डीचं अजून एक मैदान."

एकच गोल! मी म्हणलं, "सर, एक कावून? दहा करतो!"

आता अकरा जण आणायचे कुठून? फुटबॉल येणारे आमी चौघंच. बाकीचे सात सरांनी कबड्डीच्या टीममधून उचलून दिले. एकेक असा दांडगा, की समोरच्यानं बघूनच बूट काढावेत. त्यातला चौसाळ्याचा एक गडी म्हणजे कॉलेजचा हुकमी चढाईवाला. पळायला लागला की हाती लागत न्हाई. त्याला पुढं ठेवलं अन् मी सोता गोलात उभा राहिलो.

पहिल्याच मॅचला त्याच्याकडं बॉल आला. पठ्ठ्यानं मधली रेषा ओलांडली, दोघांना चकवलं, तिसऱ्याच्या खांद्याला हात लावला, अन् बॉल तिथंच टाकून गर्रकन वळून आपल्या हद्दीत परत!

छाती फुगवून मला म्हणतो, "एक बाद केला, भाऊ."

"कोण बाद बे? तो बघ, खेळायलाय तिकडं!"

खेळत होताच, अन् आमच्याच बॉलनं. आठ गोल खाल्ले. सर खूश. "शाब्बास! एकबी गडी पकडला गेला न्हाई आपला!"

चार मॅच असंच. सातही जण शत्रूच्या हद्दीत जायचे, कुणाला तरी शिवायचे अन् जीव घेऊन माघारी पळायचे. वर्षानुवर्षांची सवय, पायात बसलेली. मग मी म्हणलं, निदान सरांना तरी खेळ कळावा. कॅन्टीनमधी चहाचे ग्लास मांडून ऑफसाइड समजून सांगायला बसलो. बॉल मारताना आपला गडी त्यांच्या सगळ्यांच्या पलीकडं जाऊन उभा असला, की लाइनमन झेंडी वर करतो अन् गोल धरत न्हाईत. सर मान हलवत ऐकत होते. ऐकता ऐकता सरांनी समोरच्यांच्या बचावाचा शेवटचा गडी पिऊन टाकला.

शेवटच्या मॅचच्या आधी मी चौसाळ्याच्या गड्याला बाजूला घेतलं. "हे बघ, त्यांच्या जाळीला हात लावल्याशिवाय माघारी यायचं न्हाई."

"अन् मधी पकडलं तर?"

"फुटबॉलमधी पकडत न्हाईत."

"हात्तिच्या! मग आधी कावून न्हाई सांगितलं?"

सहा गोल खाऊन झाले होते. दहा मिनिटं उरलेली. सर माझ्या गोलमागं खुर्ची टाकून डायरी घेऊन बसलेले. अन् चौसाळ्याच्या गड्याला बॉल मिळाला. काय सुटला तो! एक गेला, दोन गेले, चार गेले. मी गोलात उड्या मारायलो. त्यांच्या गोलसमोर पोचला अन् बॉल तिथंच सोडून सरळ जाळीला जाऊन भिडला! दोन्ही हातांनी जाळी धरून आमच्याकडं बघून हसतोय. त्यांचा गोलकीपर बॉल सोडून त्याच्याकडंच बघत राहिला. तेवढ्यात मागून आमचा एक जण आला अन् बॉल आत ढकलला.

अन् लाइनमनची झेंडी वर.

ऑफसाइड! गोल रद्द. टीम संपली. मागून सरांचा आवाज आला, "ती झेंडी कावून वर केली बे त्यानं?"

मी सरांकडं वळलो. डायरी उघडी, पेन हातात. चहाचे ग्लास आठवले.

"गोल झाला म्हणून, सर."

सरांनी डायरीत एक गोल लिहिला, खाली दोन रेघा ओढल्या. तिकडं गोल झाल्यावर नेतेत तसा बॉल मधोमध न नेता गोलसमोरूनच मारायला घेतला, तेबी त्यांना खटकलं न्हाई. चौसाळ्याचा गडी पळत परत आल्यावर त्याला मिठी मारून म्हणले, "मर्दा, तुझ्यामुळं टीम वाचली!" ते मात्र खरंच होतं.

यंदाबी टीम हाय. तीन मॅच झाल्या, तिन्ही हरलो. पण झेंडी वर गेली की सर खुर्चीवरून उठून टाळ्या वाजवतेत, आमच्या बाजूची असो न्हाईतर समोरच्यांची. समोरच्या कॉलेजचे सर परवा मला म्हणले, "तुमच्या सरांसारखा दिलदार माणूस बघितला न्हाई राव."

मी म्हणलं, "तसा दुसरा न्हाईच, सर." अन् गोलात जाऊन उभा राहिलो.