कुहीची शिंगी

गिरडकर सरांचा आणि माझा परिचय माझ्या एका चुकीतून झाला. प्राणिशास्त्राच्या एम.एस्सी.ला नुकताच प्रवेश घेतला होता आणि वाडीला भाड्याच्या खोलीत राहत होतो. कुहीच्या धानाच्या बांधीत धरलेली एक शिंगी मासोळी मी फॉर्मॅलिनच्या बरणीत ठेवली आणि ठिकाण-तारखेची चिठ्ठी पेनाने लिहून आत सोडली. आठवडाभरात शाई विरघळून गेली. सरांनी बरणी उजेडाकडे धरली आणि म्हणाले, "काहून गा, पेनानं लिहिलं? आता कुठची हाय, हे मासोळीलेच विचारतं का?"

ते रागावले नाहीत. रविवारी मला घेऊन एसटीने कुहीला गेले आणि पँट दुमडून स्वतः बांधीत उतरले. दुसरी शिंगी सापडायला दुपार झाली. तिने मला काटा मारला तेव्हा जवळच्या घरून गरम पाणी मागून सरांनीच माझा हात त्यात धरून ठेवला, मग आपला अर्धा डबा मला दिला. चिठ्ठी मी पेन्सिलीने लिहिली. ती आजही वाचता येते.

गावोगावच्या तळ्यानाल्यांतल्या मासोळ्यांची एक अख्खी खोली सरांनी आमच्या विभागात उभी केली. निवृत्तीनंतरही दर मंगळवारी येऊन ते बरण्यांत कमी झालेलं फॉर्मॅलिन भरत.

पुढचं गौरवलेखात शोभणारं नाही, पण ते गाळून सरांबद्दल लिहिणं मला जमणार नाही. यंदा विद्यार्थी घटले म्हणून ती खोली मागण्यात आली. विभागप्रमुख या नात्याने पत्रावर सही केली ती मी. उरलं एक कपाट. हे सांगायला सरांच्या घरी गेलो, तेव्हा ते एवढंच म्हणाले, "निवड मी करतो."

तीन दिवस सर स्टुलावर बसून एकेक चिठ्ठी वाचत होते. जी ठिकाणं आता उरलीच नाहीत, तिथल्या बरण्या तेवढ्या कपाटात गेल्या. माझी शिंगी त्यांनी दुसऱ्या बाजूला सरकवली. मला वाईट वाटलं, आणि ते त्यांना दिसलं.

"तुही शिंगी कुहीत अजून भेटते," ते म्हणाले. "बुजलेल्या तळ्यातली कुठून आणशीन? भेटते ना गा?"

मी होकारार्थी मान हलवली. खरं म्हणजे कितीतरी वर्षांत मी त्या बांधीकडे फिरकलेलो नाही. तिथे आता काय उरलं आहे, मला ठाऊक नाही. टाकायची ती बरणी मी घरी आणली आहे.

सरांना पंचाहत्तरीनिमित्त माझा नमस्कार. त्यांना उदंड आयुष्य लाभो, नजर अशीच राहो आणि गुडघे बांधीत उतरण्याइतके धड राहोत. सर, एका रविवारी आपल्याला कुहीला जायचं आहे. एकट्याने जाऊन पाहायची माझी हिंमत होत नाही.